मेला म्हणजे मेला

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्याचा माज होता, थोडा अजून आहे. ठाण्याच्या कॉलेजात असताना आम्ही चौघं दर रविवारी दुपारी डोंबिवलीत आमच्या घरी एक खेळ खेळायचो. प्रत्येकाने कागदावर आपला एक माणूस रचायचा, एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी तो माणूस होऊन तिच्यात शिरायचं. कोणाच्या तरी परदेशातल्या मामाने आणलेल्या नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स होती. इंग्रजी धड वाचणारा मीच, म्हणून गोष्ट मी चालवायचो. खेळाला लागणारा वीस बाजूंचा फासा तेव्हा कुठे मिळणार? स्टीलच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकलेल्या.

चौघांतला एक कोलशेतचा, कोळ्यांचा. त्याचा मोठा भाऊ आदल्या पावसाळ्यात खाडीत गेला तो सापडलाच नाही. मित्राने आपल्या कागदावरच्या नावाड्याला त्याचंच नाव दिलेलं. नावाडी वर्षभर जगला. फुशारक्या मारायचा, दुसऱ्याची तंबाखू मळायचा, वाट चुकला तरी कबूल करायचा नाही.

एका रविवारी गोष्टीत नावाड्याने एक पेटी उघडली. आत विषारी सुई. बाराच्या वर आकडा आला तर वाचला, नाहीतर मेला. मित्राने डब्यात हात घातला. चार.

"परत काढतो," तो म्हणाला.

"पुस्तकात तसं नाही."

"अरे, एकदाच."

"छापलेलं आहे रे. माझ्या मनाचं सांगतोय का मी? मेला म्हणजे मेला."

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि निघाला. परत कधी आला नाही. कॉलेजातही टाळायचा.

परीक्षेला प्रस्तावना येत नाही, म्हणून आम्ही कुठलंही पुस्तक पहिल्या धड्यापासून वाचायचो. नियमांचं पुस्तकही मी तसंच वाचलेलं. पदवीनंतर कागद आवरताना त्याची प्रस्तावना सहज चाळली. खेळ चालवणाऱ्याला वाटेल तिथे त्याने नियम सोडून द्यावा, असं तिथे सरळ लिहिलेलं.

मी कोलशेतला गेलो. तो दारात जाळं शिवत बसलेला. मी सगळं सांगितलं.

"हळू बोल." त्याने आत पाहिलं. "रविवारी घरी आलो की आई विचारायची, आज काय केलं रे तुझ्या भावानं? मी सांगायचो. मग ती जेवायची."

"आणि त्या दिवशी?"

"तू सांगितलंस तेच सांगितलं."

आतून त्याच्या आईने विचारलं, कोण आलंय.

"कॉलेजातला एक आहे गं. निघालाय."

पुढे काही वर्षांनी आमच्या बिल्डिंगमधली मुलं तोच खेळ खेळायला लागली. त्यांच्या नव्या नियमांत माणूस नुसता बेशुद्ध पडतो, सोबती त्याला उठवतात. मला ते मिळमिळीत वाटलं. जुन्या नियमांत भीती खरी असते, तेच त्यांचं बळ, असं मी त्यांना ऐकवलं, आणि ते चूक नाही. मग मुलंच म्हणाली, एकदा तुमच्या पद्धतीने चालवा.

तिसऱ्याच रविवारी एका मुलीचा माणूस साप चावून पडला. बाराच्या वर हवे होते. तिने फासा टाकला. सात. ती कागद फाडायला निघाली.

"थांब. परत टाक," मी म्हटलं.

"पण दादा, तुमच्यात मेला म्हणजे मेला ना?"

"टाक तू."

नऊ आले. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"आणखी एकदा," मी म्हटलं.