लख्ख घासलेली मडकी

चहा घ्या आधी, मग सांगतो. माझ्या हातून घोटाळे काय कमी झालेत? पण दारूबंदीचा झेंडा घेऊन फिरणाऱ्या माणसानं भर सभेत, लाऊडस्पीकर लावून, अर्ध्या डोंबिवलीला ताडी पाजली, असं कधी ऐकलंय का तुम्ही? नाही ना? मग बघून घ्या, तो इसम तुमच्यासमोरच बसलाय. हसा, हसा. मीही पहिली काही वर्षं इथपर्यंतच सांगायचो.

स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झालेली. सरकारनं दारूबंदी आणलेली, आणि खाडीकडच्या झाडीत हातभट्ट्या जोरात चाललेल्या! डोंबिवली तेव्हा एवढीशी. स्टेशनाबाहेर पडलं की चार बैठी घरं, मग भातखाचरं, पुन्हा चार घरं. संध्याकाळी कोण सरळ चालत आलं आणि कोण वाकडं, हे सगळ्या गावाला दिसायचं.

तेव्हा गावानं एक मंडळ काढलं. भजनी मंडळ, महिला मंडळ आणि तालीम, अशा तिघांचं मिळून. अहो, या तिघांचं गणपतीच्या आरतीच्या वेळेवरसुद्धा कधी जमलं नव्हतं! पण दारूनं तिघांच्याही घरात हात घातलेला, म्हणून आले एकत्र. अध्यक्ष नाना, गणिताचे रिटायर मास्तर, जन्मात कधी हसले नाहीत. महिला मंडळाच्या आक्का. आणि व्यवस्थाप्रमुख कोण? अस्मादिक! कारण माझी स्वच्छता. माझ्या घरी पाहुण्यानं फुलपात्र खाली ठेवायच्या आत मी ते विसळायला नेतो, असं लोक म्हणायचे. खोटं नव्हतं.

पण मी त्यात पडलो तो माझ्या बहिणीसाठी. सुमन, माझी धाकटी. तिचे यजमान वसंतराव कल्याणला रेल्वेच्या हापिसात होते. माणूस सोन्यासारखा. मेहुण्याबद्दल कोणी असं म्हणत नाही, मी म्हणतोय. गोड गळा, मिस्किल बोलणं, पोरीवर जीव. पण संध्याकाळी स्टेशनातून घराकडे यायचं सोडून पाय खाडीकडे वळायचे. पगार तिकडेच जायचा. सुमन पोरीला कडेवर घेऊन दोनदा माझ्याकडे राहायला आलेली. हापिसातही साहेबानं सांगून टाकलेलं, आता एकदा जरी पिऊन दिसलास तर घरी बस. शेजारणींनी तर सुमनला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलेलं. तिचा काय गुन्हा, सांगा!

मग मंडळानं एक साधी गोष्ट केली. वसंतरावांना स्टेशनापासून घरापर्यंत सोबत. एक दिवस भजनी मंडळाचा माणूस, एक दिवस तालमीतला पैलवान, एक दिवस आक्का स्वतः. उपदेश करायचा नाही, असं नानांनी बजावलेलं. फक्त बरोबर चालायचं, भाजीच्या भावावर बोलायचं आणि दारात सोडून यायचं.

आणि सुटली हो! गणपतीपासून गुढीपाडव्यापर्यंत थेंब नाही. सुमनच्या तोंडावर तजेला आला. वसंतराव भजनात पेटी वाजवायला लागले. मला म्हणाले, "दादा, मी सोडली असं नका म्हणू. तुम्ही लोकांनी मला वाटेत एकटं सोडलं नाहीत, एवढंच झालंय."

इथं थांबलो असतो तर? पण नाही! मला मिरवायचं होतं. म्हटलं, पाडव्यानंतरच्या रविवारी जाहीर सभा घेऊ. मारुतीच्या देवळापुढे मांडव. मुंबईहून एक मोठे पुढारी आणू. त्यांच्यादेखत वसंतराव शपथ घेतील, म्हणजे गावाची तोंडं बंद आणि सुमनला हळदीकुंकवाची बोलावणी सुरू.

आणि शपथ घेऊन झाल्यावर नीरा! दारूबंदीवाल्यांचं ते लाडकं पेय. ताडाचा रस, पहाटे उतरवलेला, गोड आणि गार. नीरा केंद्रवाल्यांनी आदल्या दिवशी नवी कोरी मडकी माझ्या ओटीवर आणून ठेवली. संध्याकाळी ती आंबिवलीकडच्या ताडांना लागायची होती.

मी आत डोकावलो, तर आतून पांढरा थर!

"शी! ही काय मडकी झाली?" मी बायकोला म्हणालो. "पुढारी यातून पिणार?"

"अहो, त्यांनी काही विचार करूनच दिली असतील ना?"

"विचार कसला? कुंभाराचा गबाळेपणा हा!"

राख आणि काथ्या घेऊन बसलो. अख्खी दुपार घासत होतो, कंबर मोडेपर्यंत. एकेक मडकं असं लख्ख केलं की बघत राहावं. तिन्हीसांजेला गाडीवाला आला आणि अंधारात मडकी घेऊन गेला. आत कोण डोकावतंय!

तो पांढरा थर म्हणजे चुना, आणि चुन्यामुळेच नीरा आंबत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं.

सभा सकाळी आठची. नीरा आली, मडकी मांडवात ओळीनं मांडली, त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या. लोक जमले, पण पुढाऱ्यांचा पत्ता नाही. मग सायकलवरून निरोप आला, मोटार मुंब्र्याच्या अलीकडे बंद पडलीय.

आता आपली रीत ठाऊक आहे ना? पाहुण्यांच्या आधी कोणी तोंडाला पेला लावायचा नाही. आक्कांच्या बायकांनी केलेला फराळसुद्धा झाकून ठेवलेला. दहा वाजले, बारा वाजले. ऊन मांडवातून आत आलं आणि नेमकं मडक्यांवर. केंद्राचा माणूस म्हणाला, "साहेब, आता वाटून टाका."

"पाहुण्यांच्या आधी? शोभतं का हो!" मी म्हणालो. तो बिचारा जेवायला निघून गेला.

चारच्या सुमाराला पुढारी आले, घामाघूम. मी झाकणं काढली तर वर फेस. मी लाऊडस्पीकरवरून म्हणालो, "पाहा, किती ताजी आहे!"

अहो, तिथं बसलेल्या कोणाला ताडीची चव माहीत असणार? सगळी सोज्वळ मंडळी. पुढारी म्हणाले, "वा, जरा आंबूस, मठ्ठ्यासारखी." नाना म्हणाले, "पाचक असते." तहानेनं जीव चाललेले, पोटात सकाळपासून काही नाही. पेल्यांवर पेले गेले!

मग सुरू झालं. पुढारी भाषणाला उभे राहिले. "दारू आपला शत्रू आहे! पण शत्रूवरसुद्धा माणसानं प्रेम करावं!" टाळ्या! आक्का हसायला लागल्या त्या थांबेचनात. पुढाऱ्यांबरोबर आलेल्या त्यांच्या पत्नीला गाठून सासूची नक्कल करून दाखवायला लागल्या. भजनी मंडळानं आरती धरली आणि शेवटच्या कडव्यावरून परत पहिल्यावर, परत पहिल्यावर. आणि आमचे नाना! ते उठले, डोळे मिटले आणि पावकी-दिडकीचे पाढे चालीवर म्हणायला लागले. ताना घेऊन!

मला वाटलं, काय हा उत्साह! सभा रंगली म्हणतात ती अशी.

यातच वसंतरावांनी शपथ घेतली. परीटघडीचा सदरा घातलेला, आवाज खणखणीत. पुढे बायकांच्या रांगेत सुमन पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. तिचे डोळे भरून आलेले. मी पेला भरून त्यांच्यापुढे धरला.

ते हळूच म्हणाले, "दादा, मला आपलं साधं पाणी द्या."

"पाणी काय, रोजच पिता की! ही शपथेची नीरा आहे."

"नको हो. त्याच झाडाची ना ती? मला पाणीच बरं."

"अहो, सरकारमान्य आहे! लोक बघतायत, वसंतराव. नाही म्हणालात तर केंद्रवाल्यांना काय वाटेल?"

त्यांनी पेला घेतला. एक घोट घेतला आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मला विचारलं, "दादा, ही नीराच आहे ना?"

"शंभर टक्के! माझ्या हातानं मडकी घासलीयत."

मग त्यांनी तो पेला एका दमात संपवला आणि स्वतःच पुढे केला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी पुन्हा भरला. लाऊडस्पीकरवर ओरडलो, "बघा मंडळी! दारू सोडलेल्या माणसाला नीरा किती गोड लागते!" टाळ्यांचा कडकडाट. तिसरा भरला.

पुढून सुमन उभी राहिली. "दादा, पुरे! दादा, अरे त्यांच्या तोंडाकडे बघ!"

"बस गं तू," मी म्हणालो. "आज कुठे माणूस मोकळेपणानं पितोय."

हे माझे शब्द. कितीदा आठवतात म्हणून सांगू!

शेवटी केंद्राचा माणूस जेवून, झोप काढून परत आला. नानांची पावकी ऐकून दारातच थबकला. मग मडक्यात नाक घातलं, हात फिरवला.

"साहेब, चुना कुठे गेला?"

"कसला चुना? तो पांढरा घाणेरडा थर? काढला मी घासून!"

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, ही ताडी झालीय! तुम्ही दारूबंदीच्या सभेत ताडी वाटलीत!"

आक्काच आधी खो खो हसत सुटल्या, पाठोपाठ सगळा मांडव. बंदोबस्ताला आलेला फौजदार पकडणार कोणाला? त्यानंही दोन पेले घेतलेले! पुढारी तर पोट धरून हसत मोटारीत बसले. मला कोणी रागावलं नाही हो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची डोकी दुखली, आणि सगळ्यांचं तिथंच संपलं.

वसंतरावांची खुर्ची रिकामी होती. खुर्चीखाली चपला तशाच.

आम्ही हसत होतो तेवढ्यात ते अनवाणी खाडीकडे गेलेले. सकाळी तालमीतल्या पोरांनी उचलून आणले. त्याच आठवड्यात हापिसानं घरी बसवलं.

तुम्ही म्हणाल, एकदा सुटली तशी परत सुटेल. सोबत द्यायची पुन्हा! मीही तेच म्हणालो. घरोघरी गेलो. पण मंडळीच खजील झालेली. नाना खाली बघून म्हणाले, "अरे, आपणच पाजली त्याला. आता कुठल्या तोंडानं बरोबर चालायचं?" आक्का म्हणाल्या, "मला बघितलं की त्यांना ती सभाच आठवणार." भजनी मंडळ म्हणालं, तालमीनं जावं. तालीम म्हणाली, मंडळानं ठरवावं. माझ्या एका फजितीपायी गावानं अंग चोरलं. मी एकटा जायचो बरोबर. पण एका माणसाला चुकवून खाडीकडे वळणं काय कठीण आहे? रोज वेगवेगळी माणसं यायची, त्यातच तर खरी ताकद होती.

वसंतरावांनी मला कधी दोष दिला नाही. उलट थट्टा करायचे. "दादा, मी शपथ मोडलेली नाही. शपथेच्या वेळी जे पाजलंत, तेच चालू ठेवलंय." आणि हसायचे. मला रडू यायचं.

हातभट्टीनं माणूस किती दिवस टिकणार? पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. दुसरा पाडवा गेला, तिसरा काही त्यांनी बघितला नाही. सुमननं मिश्री लावणाऱ्या शेजारणींपासून भजनातल्या लोकांपर्यंत कोणाला दारात येऊ दिलं नाही शेवटी. मला मात्र बोलावलं.

गेलो. ते चटईवर पडलेले. पोर कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली. डॉक्टर हात झटकून गेलेले. ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. सुमननं तांब्या माझ्यापुढे सरकवला.

"दादा, तू दे."

"मी? अगं, तू बायको..."

"तूच दे. तुझ्याकडेच मागितलं होतं ना त्यांनी पाणी?"

ती रागानं म्हणाली नाही हो. तेच तर! अगदी साधेपणानं म्हणाली, लहानपणी मला म्हणायची तशी.

मी तांब्या उचलला. काय करावं सुचेना. आणि सवय जाते का मेल्याशिवाय? तांब्याच्या काठाला हिरवट डाग दिसला आणि मी चटकन उठलो. म्हटलं, "थांब, जरा घासून आणतो."

सुमननं माझा हात धरला.

"राहू दे रे, दादा. आहे तसंच दे."

दिलं. दोन चमचे गिळले त्यांनी, तिसरा ओठांवरून ओघळला.

साधं पाणी द्यायचं, एवढंच काम होतं. व्यवस्थाप्रमुखाला ते जमलं, पण फार उशिरा.