ज्येष्ठेचा गाल

कयाधू नदीचं पाणी अंगणात शिरलं तेव्हा नवऱ्याने कागदपत्रांची पिशवी उचलली आणि मी महालक्ष्म्यांची पेटी. आत ज्येष्ठा आणि कनिष्ठेचे मातीचे मुखवटे, थोरली सून म्हणून सासूबाईंनी माझ्या हाती दिलेले. कमरेइतक्या पाण्यातून पेटी डोक्यावर धरून मी धाकट्या जावेच्या घरी पोचले. तिचं घर टेकाडावर, तिच्या पायरीलाही पाणी लागलं नव्हतं. आम्ही सगळे सुखरूप होतो, याचा आनंद व्हायला हवा होता. पण मला आधी तिची कोरडी फरशी दिसली आणि माझ्या पोटात दुखलं.

आठ दिवसांनी पेटी तिच्याकडेच ठेवून आम्ही घरी परतलो. घोटाभर गाळ, फुगलेली दारं, मागची भिंत खचलेली. गाळ ओढून काढला, तरी भिंतीला टेकलं की पाठ ओली व्हायची. मुखवटे ज्यांवर बसवतो त्या पत्र्याच्या कोठ्याही वाहून गेल्या होत्या, आणि सण तोंडावर आलेला. नवरा म्हणाला, "औंदा तिच्याकडंच बसू दे." मला हो म्हणावं लागलं.

माझ्याच लक्ष्म्यांना मी पाहुणी म्हणून गेले आणि खोड शोधत बसले. साडी नेसवणं इतकी वर्षं माझं काम, वाटलं निदान निऱ्या तरी चुकतील. तिने ज्वारीचे डबे एकावर एक रचून त्यांना अशी चापूनचोपून साडी नेसवली की बायका बघत राहिल्या. सोळा भाज्या मी मोजल्या, सोळाच भरल्या. एक म्हातारी म्हणाली, लक्ष्म्यांना हे घर मानवलेलं दिसतंय.

सण उरकल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पेटी न्यायला गेले. जाऊ म्हणाली, "अक्का, तुमच्याकडं ओल हाय अजून. भिंती वाळू द्या, मीच आणून देते."

मला वाटलं, हिला आता त्या सोडवत नाहीत. "माझ्या घरच्या हायेत, माझ्याच घरी ऱ्हातील," म्हणाले आणि पेटी उचलली.

दिवाळीच्या साफसफाईत ती उघडली. मुखवटे गुंडाळलेल्या कापडाला बुरशी आली होती. ज्येष्ठेच्या उजव्या गालाचा रंग पोपडे होऊन सुटला होता, खालची माती भुसभुशीत झाली होती. पुराच्या पाण्याचा थेंब मी तिला लागू दिला नव्हता. तिचं वाटोळं माझ्या हेव्याने केलं. नवऱ्यालाही सांगायची हिंमत झाली नाही. तशीच गुंडाळून पेटी बंद केली.

पुढच्या वर्षी घर कोरडं होतं, कोठ्या नव्या होत्या आणि लक्ष्म्या माझ्याकडे. जाऊ सकाळीच मदतीला आली. तिने ज्येष्ठेचा मुखवटा हातात घेतला, गालाकडे बराच वेळ पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मग साडी नेसवून पदर डोक्यावरून उजवीकडे जरा पुढे ओढला, गाल झाकला आणि टाचणी लावली.

हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्या पदरावरच खूश. असा कुणी घेतला, म्हणून विचारू लागल्या.

"आमच्या अक्कानं," जाऊ म्हणाली आणि कुंकवाचा करंडा घेऊन पुढे गेली.

त्या क्षणी तिचा जितका हेवा वाटला, तितका तिच्या कोरड्या फरशीचाही वाटला नव्हता.