जीपवर वाजलेलं कडवं

"आधी पंखा बंद करा."

तुम्ही दारात चपला काढायच्या आत, जयभीमही व्हायच्या आधी, तो हात वर करून हे म्हणायचा. लातूरचा उन्हाळा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. पाहुणा घामानं निथळायचा आणि हा डोळे मिटून टेपमधल्या ढोलकीत खरखर शोधत बसायचा.

लातूरला कोर्टात तो टायपिस्ट होता, आमच्या गल्लीत समोरच राहायचा. मूळचा हदगावकडचा. वयानं मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. तो मला नावानं हाक मारायचा नाही, 'बीए' म्हणायचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळं त्यानं टोमणा म्हणून म्हटलेलं मी पदवी म्हणूनच ऐकायचो.

गाणी टेप करायचा नाद त्याला कुठून लागला कोण जाणे. जयंतीची गायन पार्टी असो, दर्ग्यातली कव्वाली असो, हा पुढं जाऊन बसणार. त्याचं स्वतःचं मशीन लहान, माईक पोटातच बसवलेला. त्याला तो 'चोंबडं' म्हणायचा. "गाणारा जरा दम घ्यायला थांबला की हे लगेच कान टवकारतं. पल्याडच्या गल्लीतलं कुत्रं उचलून आणतं." मंडपवाल्याचा माईक जोडून पाहिला, तर आवाज पत्र्याचा. "ह्याला 'नवरदेवाच्या मामानं मांडवात यावं' एवढंच येतं," असं म्हणून त्यानं तो परत केला. मग वाऱ्यासाठी माईकवर गोधडीचा तुकडा बांध, पेटी लांब बसव, ढोलकीवाल्याला पाठमोरा कर. गाणाऱ्यांना त्याचा वैताग यायचा. एक ढोलकीवाला तर म्हणाला, "भाऊ, मी गाण्याला आलोय का फोटोला?"

कुणाकडनं दुसरं मशीन मिळालं की एकच गाणं दोन्हींवर घ्यायचं आणि आम्हाला बसवून ऐकवायचं.

"कुठलं खरं?"

"दोन्ही सारखीच वाटतात, भाऊ."

"बीए, कान काय विद्यापीठात जमा केलेस?"

"विद्यापीठानं नुसती डिग्री दिली, कान तर तुम्हीच खाऊन राहिलात," मी म्हणायचो. तेवढं त्याला आवडायचं.

त्याचे वडील आबा हे हदगाव भागातले जुने गायक. त्यांनी पार्टी बांधली, गावोगाव फिरले. कवनं स्वतःच रचायचे, लिहून काही ठेवायचे नाहीत. आता लेकाकडं लातूरला आले होते. जगाची गाणी टेप करणाऱ्या या माणसाकडं बापाचं एकही गाणं नव्हतं. "घरचंच तर हाय. कवाबी करू," म्हणायचा.

मग आबांच्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशननं जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

ते दुष्काळाचे दिवस होते. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या होत्या आणि आमच्या नळाला पाणी नव्हतं. अशाच एका नव्या कचेरीतला कारकून याच्या टायपिंग क्लासमधला दोस्त. कचेरीकडं प्रचाराची जीप होती आणि जीपमध्ये मोठं मशीन. त्याचा माईक वेगळा, आवाज हातानं कमीजास्त करायचं बटन, वर हलणारा काटा. ते मशीन बघून आला त्या दिवशी हा जेवला नाही. "आबांचा गळा त्याच्यावरच यायला पाहिजे," एवढंच म्हणत राहिला.

मुंबईला निघायच्या आदल्या संध्याकाळी कारकून जीप घेऊन आला. बोळात सतरंजी पडली, गल्ली जमली. मोठ्या मशीनचा माईक आबांच्या तोंडापाशी, लहान मशीन बाजूला विटेवर. दोन्ही चालू. शेवटचं गाणंही त्याला ताडून बघायचं होतंच.

आमच्याकडच्या गायकांची रीत तुम्ही पाहिली असेल. पहिलं कडवं मानाचं. बोलावणारा कोण, पाहुणा कोण, त्याचं नाव घ्यायचं, मग मुद्द्यावर यायचं. आबांनी विचारलं, "पाहुणा कोण हाय?" यानं कारकुनाकडं बोट केलं. "मशीन त्यांचं हाय, आबा. मान द्या." आबांनी घसा खाकरला आणि जागच्या जागी रचलं:

*नवा जिल्हा झाला बाई, दारी आली जीप,*
*साहेबांच्या पायगुणानं उजळला दीप.*

कारकून लाजला. भाऊचं लक्ष काट्यावर. आवाज काठोकाठ येत होता, फाटत नव्हता. त्याचा चेहरा मी तेवढा आनंदी पुन्हा पाहिला नाही. मग आबांनी चाल खाली आणली:

*दारी आली जीप, साहेब, कोरडी माझी घागर,*
*कागदावर भरला कुणी पाण्याचा सागर?*

या कडव्याची पहिली ओळ होते न होते तोच कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला. गल्ली उठली. घागरी, बादल्या, डबे, "अगं सरक की", "मी आधी हाय". कारकुनानं मोठं मशीन बंद केलं. "आता गोंगाटच येणार. उगं कॅसेट वाया." भाऊ नको नको म्हणेपर्यंत त्यानं वायरही गुंडाळली. विटेवरचं चोंबडं तेवढं फिरत राहिलं. आबा रिकाम्या सतरंजीपुढं गाणं शेवटपर्यंत गायले. टँकर गेल्यावर हा म्हणाला, "आबा, पुन्यांदा एकदा." त्यांनी तोंड उघडलं आणि खोकल्याचीच उबळ आली. रुमालाला रक्त लागलं. त्यानंतर आबा गायले नाहीत.

ऑपरेशन होऊन ते परत आले, दारात बसायला लागले. एका सकाळी जीप आली. कर्ण्यातून आधी आबांचा आवाज, स्वच्छ, खणखणीत: नवा जिल्हा झाला बाई. मग रोजगार हमीच्या कामांची माहिती. मग पुन्हा आबा. आबांनी लेकाकडं पाहिलं. बोलता येत नव्हतं. दोन बोटं वर करून त्यांनी विचारलं: दुसरं कडवं? यानं मान खाली घातली.

रेणापूरपर्यंत जीप तेच वाजवत हिंडली. हा कचेरीत गेला, भांडला. दोस्त म्हणाला, "अरे, बापाचं नाव झालं ना जिल्हाभर." चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, "काय भाऊ, आबा सरकारी झाले म्हणं." ज्या माणसानं सरपंचाच्या तोंडावर कवनं म्हटली होती, त्याच्याबद्दल हे.

मग यानं आपलं लहान मशीन काढलं. टपरीवर ठेवलं, "पुरं ऐका." लोकांनी ऐकलं. घागरींचा खणखणाट, बायकांची भांडणं, इंजिनाची घरघर आणि खूप खाली कुठंतरी आबा. शब्द एकही कळत नव्हता. टपरीवाला म्हणाला, "ह्यात तर टँकरच गाऊन राहिलाय."

आबा त्याच पावसाळ्यात गेले. पाऊस झालाच नाही, म्हणायला पावसाळा. त्यांच्या जलदान विधीला मंडपवाल्यानं, कुणी न सांगता, कौतुकानं जीपवालं कडवं लावलं. कुठून तरी त्यानं उतरवून घेतलं होतं. माणसं माना डोलवत होती. ते संपलं आणि हा पुढच्या रांगेतून उठला. याला गाता येत नव्हतं, सूर कशाशी खातात हे फक्त कानाला माहीत. तसाच भसाड्या आवाजात त्यानं दुसरं कडवं म्हटलं. पुढची सगळी म्हटली. लोक एकमेकांकडं बघायला लागले. त्याचा चुलता हात धरून म्हणाला, "बस कर लेकरा, लोकं हसून राहिले." त्यानं हात सोडवून घेतला आणि शेवटची ओळ पुरी केली.

पुढं त्यानं नांदेडला बदली करून घेतली. मी एकदा भेटायला गेलो. घरात मशीन नव्हतं, रेडिओसुद्धा नव्हता. चहा झाला, पोरांच्या शाळेचं बोललो. आबांचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. पुढं काही वर्षांनी तो गेल्याचं कळलं, तेही तिऱ्हाईत माणसाकडून.

आमच्या गल्लीत जयंतीला आजही 'आपल्या भागाचे थोर गायक' म्हणून आबांचा आवाज लागतो. तेच एक कडवं. आता ते पोरांच्या मोबाईलवर आहे, भिंतीएवढ्या स्पीकरवर वाजतं, शब्द न् शब्द कळतो. पोरं टाळ्या वाजवतात. मी तेवढा वेळ मंडपाच्या बाहेर जाऊन उभा राहतो.