समनरची सही

नारायणगावच्या पेठेत इंदरचंद शेठचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत भांड्यांवर नावं घालून घ्यायला आसपासच्या गावांतून माणसं येतात, कारण नाव घालायचं मशीन शेठ अजून स्वतःच्या हातात धरतात. अक्षर काढताना हात कुठं जोर देतो, कुठं सैल पडतो, हे त्यांच्या बोटांना कळतं. त्यामुळंच असेल, पण या माणसाला छंद लागला तो सह्यांचा, आणि त्याही दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन पुढाऱ्यांच्या.

सुरुवात टपालाची तिकिटं जमवण्यापासून झाली. शाळेत असताना पुण्याहून मागवलेल्या जुन्या पाकिटांत अमेरिकेचं एक बिनतिकिटाचं निघालं. आपल्याला फसवलं, असं वाटून ते दोन दिवस धुमसत होते. पुढं कळलं, की त्या काळी तिथल्या सिनेटरांना टपाल फुकट असायचं. कोपऱ्यात सही केली की पत्र जायचं. माणसाचं नाव तिकिटासारखं चालतं, हे त्यांच्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

पेठ गावचे जुने गिऱ्हाईक गेणभाऊ दुकानात आले, की सह्यांच्या पाकिटांचा अल्बम मागून घ्यायचे आणि चेष्टा करायचे. "शेठ, ह्या गड्यांनी तांब्यावर नाव घातलं असतं, तर निदान तांब्या तरी ऱ्हायला असता." शेठ हसायचे आणि पान उलटायचे.

त्यांना हवी होती ती एकच सही, चार्ल्स समनरची. गुलामगिरीविरुद्ध भाषण केलं म्हणून या सिनेटरला भर सभागृहात, बसल्या जागी, काठीनं बेशुद्ध होईपर्यंत मारलं होतं. पुढं तीनेक वर्षं त्याची खुर्ची रिकामी राहिली, पण त्याच्या राज्यानं दुसरा माणूस पाठवला नाही. शेठना त्या मारानंतरची सही पाहायची होती. परत आल्यावर त्यानं लेखणी कशी धरली असेल? हात थरथरला असेल, की मुद्दाम जोर देऊन लिहिलं असेल?

पण मधेच एक गोष्ट झाली. पर्युषणात जैन स्थानकात महाराजसाहेबांनी परिग्रहाची मर्यादा घ्यायला सांगितलं, म्हणजे आपण जवळ किती बाळगायचं याची रेघ आपणच ओढायची. शेठच्या पत्नी जतनबाईंनी साड्यांची मर्यादा घेतली. शेठ सगळ्यांसमोर हात जोडून उभे राहिले. अल्बम भरलाय, म्हणाले, यापुढं एक आत आलं तर एक बाहेर जाईल, तेही विकून नाही, कुणाला तरी देऊन.

आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ओळखीच्या विक्रेत्याची ई-मेल आली. समनरचं पाकीट आहे, मारानंतरचं.

शेठ आठवडाभर अल्बम चाळत राहिले. बाहेर जायला एकही तयार होईना. शेवटी व्यापारी घरात जी वाट निघते, तीच निघाली. मुलगा जिनेश म्हणाला, माझ्या नावावर घेऊ, माझ्या कपाटात राहील, तुमचं व्रत तुमच्यापाशी. शेठनी मान हलवली. जतनबाई भाजी निवडत होत्या. वर न बघता त्यांनी एवढंच विचारलं, "आणि बघत कोण बसणार?"

पाकीट आलं त्या दिवशी शेठ मंचरला एका साखरपुड्याला गेले होते. जिनेशनं पार्सल उघडलं. कागद पापडासारखा झालेला, बाहेर आठवडाभर पावसाची झड लागलेली. घरातली आधार कार्डं, दुकानाचा परवाना, नातू संयमचे शाळेचे दाखले, जपायचं ते सगळं या घरात एकाच तऱ्हेनं जपलेलं होतं. तो स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं गेला.

शेठ घरी आल्याबरोबर त्यानं ते समोर ठेवलं. कडक, चकचकीत, प्लास्टिकमध्ये बंद.

"लॅमिनेट केलं, पप्पा. आता काय होत नाय त्याला."

शेठनी ते खिडकीपाशी नेलं, तिरपं केलं, भिंग लावलं. सही दिसत होती. पण शाई कुठं दाटली, निब कुठं कागदात रुतलं, ते काही समजत नव्हतं. भिंगात फक्त खिडकीचे गज चमकत होते. प्लास्टिक गरम करून चिकटवलेलं, सोलावं तर कागदही सोलून येणार.

"अक्कल गहाण ठेवलीस का?" ते म्हणाले. या घरात त्यांचा आवाज इतका चढलेला कुणी ऐकला नव्हता. "कुणाला तरी विचारायचंस!"

जिनेशचा चेहरा उतरला. मग उलट बोलायचं म्हणून नव्हे, खरंच कळत नसल्यासारखं त्यानं विचारलं, "पण पप्पा, ते माझंच व्हतं ना?"

हो म्हटलं असतं, तर सगळं निभावलं असतं. ज्याची वस्तू त्यानं काहीही करावं, त्यात बापाला रागवायचं काय कारण? शेठनी तोंड उघडलं, आणि हो काही बाहेर येईना. छातीतली धडधड अजून थांबली नव्हती, आणि ती दुसऱ्याच्या वस्तूसाठी नव्हती.

"नाय," ते म्हणाले. "माझं होतं. पहिल्या दिवसापासून माझंच."

जतनबाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढं सरकवला. "मग आता एक द्यावं लागंल," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता.

"हे देऊन टाका की," जिनेश चटकन म्हणाला. "नाय तरी खराबच झालंय."

शेठनी नकारार्थी मान हलवली. खराब झालेलं देऊन मोकळं व्हायचं, ही आणखी एक पळवाट झाली असती. त्यांनी अल्बम मांडीवर घेतला आणि पहिल्या पानापासून एकेक पाकीट बोटानं चाचपत पुढं जाऊ लागले. जिनेशला त्यांनी शेजारी बसायला सांगितलं.

"एखाद्या पाकिटावरनं मी हात उचलला नाय, तर द्यायला तेच तू काढ," ते म्हणाले.