भोंगा दीदींचा हँडओव्हर

भोंगा दीदींना कुजबुजता येत नसे. दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात त्यांनी एखाद्या आजोबांना "मुँह खोलो, दादा!" म्हटलं, की खाली पार्किंगमधला गार्ड सवयीने ओरडून हो म्हणायचा, "हव दीदी!" त्या आमच्या वॉर्डाच्या इंचार्ज सिस्टर. राहायला पुरानी बस्तीत. पिढ्यान्‌पिढ्या रायपुरात मुरलेलं त्यांचं मराठी हिंदीला कडेवर घेऊनच चालायचं.

मी डोंगरगडची. बाबा रेल्वेत रुळांवर काम करायचे, आणि घरातली पहिली पदवी माझी, तीही नर्सिंगची. पहिल्या दिवशी मी दीदींच्या पाया पडले, तर त्या गरजल्या, "उठ पोट्टे! इथं पाय फक्त प्लास्टरवाल्यायचे पाहाचे!"

त्यांचा एक हट्ट होता. ड्यूटी बदलताना जाणाऱ्या सिस्टरने येणाऱ्या सिस्टरला पेशंटचा हाल सांगायचा, याला हँडओव्हर म्हणतात. बाकीचे वॉर्ड तो टेबलापाशी उरकून घेत. दीदी मात्र प्रत्येक खाटेपाशी उभ्या राहून नोंदवही वाचत, तेही दुपारी दोन वाजता, म्हणजे नातेवाइकांच्या भेटीच्या वेळी. कुणाला किती जुलाब झाले, हे त्यामुळे साऱ्या रायपूरला कळे.

खाट नंबर सातवर शंकर नगरचे एक ठेकेदार होते. पाय मोडलेला, बाकी तब्येत ठणठणीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला "बेटी" म्हटलं, दुसऱ्या दिवशी मोबाईल नंबर मागितला आणि तिसऱ्या दिवशी मी बी.पी. घेत असताना माझ्या कमरेवर हात ठेवला. मी "नको" म्हणत सरकले, तर पुन्हा ठेवला. वर हळूच म्हणाले, "किसी को बोलना मत."

सांगणार तरी कुणाला? बाबांना कळलं असतं तर पहिल्या गाडीने येऊन ते मला घरी घेऊन गेले असते. पदवी ट्रंकेत गेली असती. मी डोळे पुसले आणि नोंदीत लिहिलं, "पेशंट सहकार्य करत नाही."

दीदींनी ते वाचलं. "सहकार्य करत नाही म्हंजे? गोळी थुकली का त्यानं?"

मी नोंदवही मिटायला गेले. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मला चादरींच्या खोलीत नेलं. "काहून रडून राहिली? मले सांग." मी सांगितलं. त्यांनी डॉक्टर विचारतात तसं विचारलं, "कोणता हात? किती वेळा? टाइम?" मग पेन माझ्या हातात दिला. "जसं झालं तसं लिही. हे लाजेचं सामान तुझं नाही, त्याचं आहे. त्याले वापस कर."

दोन वाजले. सहा नंबरचा ताप उतरल्याचं जाहीर झालं. सात नंबरपाशी ठेकेदारांची बायको डबा उघडत होती, सून संत्री सोलत होती.

"बी.पी. ठीक. प्लास्टर ठीक," दीदी वाचू लागल्या. "ग्यारह बजकर दस मिनट पर पेशंट का दाहिना हाथ सिस्टर की कमर पर गया. दो बार. सिस्टर ने मना किया था."

"सिस्टर, धीरे बोलिए!" ठेकेदार कळवळले.

"धीरे मुझे आता नहीं, सेठजी. भगवान ने बटन ही नहीं दिया."

बायकोने डब्याचं झाकण लावलं. "कौन सा हाथ?"

"दाहिना, भाभी!"

ती उठली, खाटेला वळसा घालून उजव्या बाजूला गेली आणि स्टूल ओढून बसली. डिस्चार्जपर्यंत ती त्या बाजूवरून हलली नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत मॅनेजरसाहेबांनी आम्हाला बोलावलं. ते पान फाडा, नाहीतर नवीन मुलीला कामावर ठेवणं कठीण आहे, म्हणाले.

"फाडा," दीदी म्हणाल्या. "त्याच पानावर त्याचं इंजेक्शन बी लिहिलं आहे. मग दिलं का नाही दिलं, ते डॉक्टरसाहेबाले तुम्ही सांगा!"

साहेबांनी घाईने उठून दार लावलं. त्याचा काही उपयोग नव्हता. ओपीडीतले लोक आधीच दाराशी जमले होते. पान राहिलं, मीही राहिले. दीदींनी माझी तक्रार हॉस्पिटलच्या समितीकडे नेली आणि ठेकेदारांनी माफी लिहून दिली. अक्षर वाईट होतं, पण होतं उजव्याच हाताचं.

मागच्या महिन्यात दीदी निवृत्त झाल्या. निरोपाचा केक कापल्यावर त्या माझ्या कानाशी वाकल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुजबुजायचा प्रयत्न केला. "मले वाटलं होतं, ही पोट्टी आठ दिवसांत पळते!" सगळा वॉर्ड हसला. माझा कान संध्याकाळपर्यंत वाजत होता आणि डोळेही वाहत होते.

परवा एक नवी सिस्टर माझ्यापाशी आली. तिने नोंदीत लिहिलं होतं, "पेशंट सहकार्य करत नाही." मी तिला चादरींच्या खोलीत नेलं आणि विचारलं, "कोणता हात?"

दोन वाजता मी खाटेपाशी उभी राहिले. माझा आवाज मुळातला बारीक. पोटातून जोर काढला आणि तिने लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचलं.

आणि खिडकीखालून गार्ड ओरडला, "हव दीदी!"