रस्त्याखालच्या तारा

वैशाखातल्या एका मंगळवारी माझे पती कचेरीत खुर्चीवरून पडले. दुपारी त्यांना घरी आणलं.

ते बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. चोपड्याकडच्या एका रस्त्यात त्यांनी मागच्या हिवाळ्यात सेन्सर पुरले होते. काळी माती पाणी पिऊन किती फुगते आणि वरचं डांबर कसं फाटतं, हे त्यांना मोजायचं होतं. एका पावसाळ्याची मापं हातात आली, तरच वरचे लोक रस्त्याचा पाया बदलायला तयार होणार होते. सेन्सरच्या तारा रस्त्याखालून कडेच्या पेटीत येत. पुढे हे बिनतारी होईल, रस्ता घरबसल्या बोलेल, असं ते जेवताना सांगत. मी वाढता वाढता हुं म्हणे.

त्या रस्त्याशेजारच्या केळीच्या मळ्यातले म्हातारे आबा त्यांची थट्टा करत. "साहेब, रस्ताले बी ताप येस का?"

"ताप नाही आबा, पोट फुगतं."

आबांची विहीर रस्त्यापलीकडे होती. रस्ता आडवा खोदून पाइप टाकायचा, ही तिकडची रीतच. पण यांनी विनंती केली होती, म्हणून आबा रस्त्याखालच्या लांबच्या मोरीतून पाणी फिरवून आणत.

तेरावं झाल्यावर यांचे एक सहकारी घरी राहिलेलं मीटर न्यायला आले. मीही जीपमध्ये बसले. का, ते सांगता येणार नाही. घरात बसवत नव्हतं.

रस्त्यावर नुकत्याच खोदून बुजवलेल्या ओल्या मातीचा आडवा पट्टा होता. सहकाऱ्यांनी पेटी उघडून मीटर जोडलं. काटा हलला नाही. सगळ्या तारा तुटल्या होत्या.

आबा टोपी काढून उभे राहिले. "साहेब व्हतात तोवर मी हात लावा नही, बाई. माले वाटनं, साहेब गयात, काम बी गयं." मग सहकाऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "चूक व्हयनी का?"

पाऊस महिन्यावर आला होता. नवे सेन्सर मागायला आता कोणी नव्हतं. मी मळ्याकडे पाहिलं.

"केळी जगली ना, आबा?"

"जगनी."

"मग झालं."

सहकाऱ्यांनी मीटर काढून जीपमध्ये ठेवलं.

पुढे तो रस्ता जुन्याच पद्धतीने दोनदा केला. दर पावसाळ्यानंतर तो फाटतो. पाइपाच्या जागी आडवा उंचवटा आहे. एसटी तिथे हळू होते.