कोपनहेगनला गेलो त्या वर्षी

अजूनही कुणीतरी विचारतं, "तुम्ही त्या काळात कोपनहेगनला गेला होतात म्हणे?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांत कौतुक असतं. मी हो म्हणते आणि विषय बदलते. तरीही जो हटत नाही त्याला सांगते, की तिकडे मासा गोड करतात.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही बहारीनमध्ये अरादला राहायचो, विमानतळाच्या इतक्या जवळ की विमान उतरताना बोलणं अर्ध्यावर थांबवावं लागे. आमचे हे मनामाला एका फर्निचरच्या शोरूममध्ये सेल्समन. मुलगी मात्र आमच्याजवळ नव्हती. ती सहा वर्षांची झाली तेव्हा बहारीनच्या भारतीय शाळेत जागा मिळेना, म्हणून तिला गुहागरजवळ गावी, मोठ्या दिरांकडे ठेवली होती. जागा मिळाली की लगेच आणायची असं ठरलं होतं. ह्यांना रजा दोन वर्षांतून एकदा. त्या वर्षी ती गणपतीत मिळणार होती आणि सप्टेंबरपासून शाळेत जागाही मिळाली होती. मी तिच्यासाठी खाट आणवली, फुलाफुलांची चादर शिवली, खिडकीला त्याच कापडाचा पडदा केला.

इथे पासपोर्टाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गल्फमध्ये पासपोर्ट आपला असला तरी राहायचा अरबाबाच्या, म्हणजे मालकाच्या, तिजोरीत. नवऱ्याचाही आणि त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोचाही. रजेच्या कागदावर सही केली की तो बाहेर यायचा, परत आलात की पुन्हा आत. मुलीचं नाव माझ्याच पासपोर्टात होतं, तिचा व्हिसाही त्याच्यावरच. मी जाऊन आणल्याशिवाय ती येणार कशी? कुणा ओळखीच्याबरोबर पाठवून द्या म्हणायचीही सोय नव्हती.

मे महिन्यात डेन्मार्कच्या एका कंपनीनं आमंत्रण धाडलं. त्यांच्या खुर्च्या विकणाऱ्या देशोदेशींच्या दुकानदारांनी जोडप्यानं कोपनहेगनला यावं, तीन रात्री राहावं, शहर बघावं. अरबाबांना त्यात रस नव्हता, ते दर उन्हाळ्यात लंडनला जात. ते ह्यांना म्हणाले, तू जा, बायकोला घेऊन जा. हे घरी आले ते हवेतच. आमच्या वसईच्या शेजारणीनं मला तिचा लोकरी कोट दिला आणि बजावलं, "तिकडे मे म्हणजे आपला मे नाय हां!"

हॉटेल बंदराजवळ होतं. आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं, सामान अजून यायचंय. भिंती पांढऱ्या, लाकूड फिकट, मध्ये एकच खुर्ची आणि तिच्यावर कुणी बसत नव्हतं. खोलीतल्या कपाटाला कडी नाही, मूठ नाही. ते दाबलं की उघडतं हे कळेपर्यंत मी कोट हातातच धरून बसले होते. न्हाणीघरात बालदी नव्हती, तांब्या कुठला असायला! हे मात्र प्रत्येक वस्तूवरून हात फिरवत होते. "बघ, कुठे खिळा दिसतोय का? याला म्हणतात डिझाइन." मी म्हटलं, "खिळा असता तर कोट तरी टांगला असता." ते हसले. मीही हसले, कारण तेव्हा मला अजून काही माहीत नव्हतं.

पलंग एकच होता, पण रजया दोन. नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी, दोन्ही नीट दुमडून शेजारी शेजारी ठेवलेल्या. मला वाटलं, खोली साफ करणारीची काहीतरी चूक झाली. हे म्हणाले, "चूक नाही, इकडे अशीच पद्धत आहे." मला ते फारच विचित्र वाटलं.

सकाळी नाश्त्याला काळा पाव, चीज आणि न शिजवलेला मासा. व्हिनेगरात मुरवलेला आणि वर साखर! कोकणातल्या बाईवर मासा बाजूला सारायची वेळ आली. मी बोलत होते मुलीबद्दल, दुसरं काय बोलणार? गणपती झाले की कुठल्या विमानानं निघायचं, गणवेश गावी शिवायचा की बहारीनला. हे पावावर लोणी लावत राहिले. लावून झालं तरी लावतच राहिले. मग म्हणाले, "अगं, गणपतीत जाणं यंदा जमायचं नाही."

मी विचारलं, "का?"

"पासपोर्ट तिजोरीतून काढायला लीव्हच्या कागदावर सही करावी लागली. अरबाब म्हणाले, लीव्ह ती लीव्ह, घरी जा नाहीतर डेन्मार्कला जा. आता दोन वर्षांनी."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"सही करतानाच."

"आणि मला आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर तू आली नसतीस. त्यांना जोडपंच हवं होतं." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "असा चान्स पुन्हा येतो का गं?"

आजूबाजूला सगळे हळू आवाजात बोलत होते, चमचा बशीला लागला तरी ऐकू येत होता. मी घरी असते तर भांडं आपटलं असतं. तिथे मला ओरडताही आलं नाही. मी उठून खोलीत गेले, तर पलंग कुणीतरी पुन्हा गुळगुळीत करून ठेवलेला. मी माझी रजई ओढून खाली जमिनीवर टाकली आणि तिच्यावर बसून रडले. उरलेले दोन दिवस मी ह्यांच्याबरोबर सगळीकडे गेले. बोटीतून फिरले, कारखाना पाहिला, कंपनीच्या माणसांनी ह्यांना हसतमुख बायकोबद्दल शाबासकीही दिली. संसारातलं असलं हसणं कुठून येतं ते बायकांना विचारावं.

परत आल्यावर मी एकटी शोरूमच्या ऑफिसात गेले. ह्यांना विचारलं नाही. अरबाबांनी चहा मागवला, खुर्ची दिली, तीही डेन्मार्कचीच. मी माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं, मुलीच्या शाळेचं आहे, मला एकटीला जाऊ द्या, फक्त पासपोर्ट द्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मैडम, एक को दिया तो सब माँगेगा. अगली लीव में, इंशाल्ला." आणि दारापर्यंत सोडायला आले. वाईट माणूस नव्हता. मला तो वाईट असता तर बरं झालं असतं.

शाळेतली जागा दुसऱ्या कुणाच्या मुलाला गेली. चादर मी घडी करून ठेवून दिली. ह्यांना शोरूममध्ये बढती मिळाली. त्यांनी ती कोपनहेगनच्या खात्यावर टाकली आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हे शेजारणींना हॉटेलचं वर्णन सांगायला लागले की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडत असे. ह्यांच्यावरचा माझा राग काही केल्या गेला नाही, आणि मी तो घालवायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

दोन वर्षांनी गावी गेलो. मुलगी दहा वर्षांची झाली होती, दोन वेण्या, पायाला लाल माती. रिक्षातून आम्ही उतरलो तशी ती आत गेली आणि तांब्याभांडं घेऊन आली. हात लांब करून पाणी पुढे केलं, "प्रवास नीट झाला ना?" विचारलं आणि मी पिऊन होईपर्यंत दाराशी उभी राहिली. आल्यागेल्याला पाणी द्यायचं, हे जाऊबाईंनी तिला चांगलं शिकवलं होतं.

त्या वेळी शाळेत पुन्हा जागा मिळाली होती. दुपारी मी ओटीवर बसून तिला जवळ घेतलं, सांगितलं की आता तू आमच्याबरोबर यायचंस, तुझी खाट आहे, तुझी खिडकी आहे. ती अंग चोरून बसली होती. "हो," म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून तिचा दबका आवाज आला.

"काकू, मला जावंच लागेल का?"

जाऊबाईंनी हो म्हणावं म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली. मग मीच ओटीवरून म्हटलं, "नाही गं. नाही लागणार."

ती धावत बाहेर आली आणि आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या गळ्यात पडली.